तीन मिनिटांच्या तबकडीतल्या केसरबाई

केसरबाई केरकर हे नाव आज बहुतेकांच्या कानावर येतं ते व्हॉयेजरमुळे. 1977 साली नासाने सोडलेल्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर जगभरच्या संगीताचे 27 तुकडे आहेत आणि त्यांत भारतातली एकच चीज (बंदिश) आहे, बाईंची भैरवी ‘जात कहाँ हो’. व्हॉयेजर एक 5 सप्टेंबरला उडालं, बाई 16 सप्टेंबरला गेल्या. गोष्ट चांगली आहे आणि दरवर्षी नव्याने फिरते. पण ती वाचून भैरवी ऐकणारा माणूस ‘काय आवाज आहे’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. त्यात त्याचा दोष नाही. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीचं खरं काम त्या भैरवीत फार थोडं आहे. पुकार आहे, शब्दांची फेक आहे, तारसप्तकात (वरच्या सप्तकात) आवाज जराही बारीक होत नाही हे कळतं. रागाची बांधणी, आवर्तन (तालाचा एक फेरा) भरत नेणं, तानेतले पेच हे सगळं त्यांच्या ख्यालात आहे. ते ऐकायचं कसं आणि ऐकताना कुठे फसगत होते, हे नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

आधी आयुष्य थोडक्यात. गोव्यात फोंड्याजवळचं केरी हे गाव, जन्म 13 जुलै 1892, घर कलावंत समाजातलं. आठव्या वर्षी कोल्हापूरला अब्दुल करीमखाँकडे आठ महिने तालीम. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षाच्या आसपास मुंबई. तिथे सतारिये बरकतुल्लाखाँ, भास्करबुवा बखले, पुन्हा वझेबुवा. नावं एकाहून एक मोठी, पण शिक्षण सगळं तुकड्यातुकड्यांनी. कुणी संस्थानात नोकरीला, कुणी दौऱ्यावर, कुणी दुसऱ्या गावी. अशा शिक्षणात चिजा पुष्कळ जमतात, गळा मात्र कुठल्याच एका वळणाचा होत नाही. 1921 साली जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व घेतलं, तेव्हा बाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि मुंबईत गायिका म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. त्या वयात, त्या नावानिशी, आवाज लावण्यापासून पुन्हा सुरुवात केली. खाँसाहेबांनी भरभक्कम नजराणा आणि निदान दहा वर्षांची तालीम अशा अटी घातल्या होत्या असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती तालीम 16 मार्च 1946 ला खाँसाहेब गेले तोवर चालली. म्हणजे पंचवीस वर्षं.

खाँसाहेबांबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण गायकीचा आकार तिच्यातून आला आहे. तरुणपणी आमलेटा या संस्थानाच्या दरबारी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला. बऱ्याच काळाने परत आला तेव्हा पूर्वीची गोडी उरली नव्हती. नुसत्या आवाजाच्या गोडव्यावर मैफल जिंकायची सोय राहिली नाही, म्हणून त्यांनी बांधणीवर भर दिला: अनवट (क्वचित गायले जाणारे) आणि जोड राग (दोन रागांचं मिश्रण), वळणावळणाच्या ताना, तालाशी सतत गुंतलेली आलापी. ही बिकट गायकी पुढे केसरबाईंच्या गळ्यात उतरली, आणि तो गळा तर मुळातच रुंद, भरदार, घुमारा असलेला. आवाज नसल्यामुळे घडलेली गायकी आवाज असलेल्या बाईकडे आली. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ, मोगूबाई कुर्डीकर, मंजीखाँ-भुर्जीखाँकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर, सगळे याच घराण्याचे. पण आवाजाची रुंदी आणि ही बांधणी यांची अशी गाठ दुसऱ्या कुणाकडे पडलेली नाही, असं माझं मत आहे. मोगूबाईंची लय जास्त नाजूक, मन्सूरांचा राग जास्त चपळ, वजन बाईंचं.

आता तबकड्यांकडे. बाईंनी एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी मिनिटाला 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डी दिल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावतात. मैफिलीत तासभर चालणारा ख्याल एवढ्यात बसवायचा. हिशेब करून पाहा. मात्रा साधारण पाऊण सेकंदाची धरली तर तीनतालाचं 16 मात्रांचं आवर्तन 12 सेकंदांचं. 3 मिनिटं 10 सेकंदांच्या बाजूवर जेमतेम पंधरा-सोळा आवर्तनं. त्यात अस्ताई, अंतरा (चिजेचे दोन भाग), आलापाची चार-सहा आवर्तनं, बोलांची एक-दोन, उरलेल्यात तान. त्या काळच्या पुष्कळ गायकांनी अशा वेळी सोपा रस्ता धरला: चीज म्हणायची, मग ताना झाडायच्या आणि बाजू संपवायची. बाईंच्या चांगल्या तबकड्यांत तसं होत नाही. पंधरा आवर्तनांतही चढण आहे. आधी षड्जाभोवती, मग मध्यमा-पंचमाकडे, मग तारषड्ज, मग अंतरा. तासाभराच्या गाण्याचा क्रम मोडलेला नाही, फक्त प्रत्येक टप्प्याला एकेक आवर्तन आलं आहे. म्हणून या तबकड्या शिकणाऱ्यालाही कामाच्या आहेत. राग कसा उलगडायचा याचा आराखडा तीन मिनिटांत कानाखालून जातो.

ऐकताना पहिलं काम म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा, सापडणं. इथेच बहुतेक जण अडकतात, आणि कारण अगदी साधं आहे. जुन्या ध्वनिमुद्रणात तबला मागे बसवलेला असायचा, खर्जातला भाग कमीच टिपला जायचा; त्यात आपण ते मोबाइलच्या स्पीकरवर लावतो. त्या स्पीकरातून डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा) येतच नाही. डग्गा नसला की नवव्या मात्रेवरची खाली (डग्ग्याच्या घुमाऱ्याविना जाणारा तालाचा भाग) ओळखता येत नाही, भरी-खाली सारखीच वाटते आणि मोजणारा आठ मात्रांनी चुकतो. उपाय दोन. हेडफोन लावावा, आणि ठेक्याच्या मागे न लागता मुखड्याच्या मागे लागावं. चिजेचा पहिला तुकडा, उदाहरणार्थ बिहागड्यातलं ‘प्यारी पग हौले’, बाई दर आवर्तनाच्या शेवटी परत घेतात आणि त्याच्या ठरलेल्या एका अक्षरावर सम येते. ते अक्षर एकदा पक्कं केलं की टाळ्या मोजायची गरजच उरत नाही. पहिल्या ऐकण्यात बाकी सगळं सोडून द्यावं आणि त्या अक्षरावर फक्त बोट टेकवावं. तीन मिनिटांत पंधरा-सोळा वेळा टेकलं पाहिजे. कमी भरलं तर मधली एखादी सम निसटली.

दुसऱ्या ऐकण्यात श्वास. माझ्या मते या गायकीचं कुलूप इथे उघडतं. 12 सेकंदांच्या आवर्तनात मुखड्याला चारेक मात्रा, म्हणजे तीन सेकंद. उरले नऊ. हे नऊ सेकंद तयार गळ्याचा एक श्वास भरतो. म्हणजे सम झाल्यावर घेतलेली आकाराची (‘आ’ म्हणत घेतलेली) फिरत, तिचा विस्तार आणि मुखड्याशी सांधा, एवढं सगळं एका दमात होऊ शकतं, आणि श्वास घ्यायला जागा मिळते ती समेच्या आसपास, जिथे चिजेचे शब्द आधीच थांबलेले असतात. घराण्याची मध्य-विलंबित लय कुणाच्या लहरीवर ठरलेली नाही; आवर्तन श्वासाच्या मापाचं ठेवलेलं आहे. मैफिलीत लय तबकडीपेक्षा संथ असायची. मात्रा सव्वा सेकंदापर्यंत गेली तरी आवर्तन वीस सेकंदांचं होतं, म्हणजे दोन श्वास. तेवढ्यात एक पूर्ण वाक्य बोलता येतं. हेच आवर्तन अतिविलंबित करून पन्नास-साठ सेकंदांचं केलं की पाच-सहा श्वास लागतात, वाक्य तुटतं, आलाप तालावरून तरंगायला लागतो आणि शेवटी घाईघाईने मुखडा पकडावा लागतो. त्या पद्धतीचं गाणं वाईट असतं असं नाही, किराणा घराण्यात तिची शान वेगळीच आहे. पण जयपूरच्या बंदिशी त्या लयीत घातल्या की त्यांचा सांगाडा ढिला पडतो. आज हे पुष्कळदा ऐकायला मिळतं.

बाई श्वास कुठे घेतात ते शोधायचा प्रयत्न करून पाहा. सापडत नाही, निदान सहजासहजी नाही. तबकडीची खरखर त्याला थोडी कारण आहे, पण मोठं कारण असं की श्वास घेण्याआधीचा सूर त्या सोडताना बारीक करत नाहीत. सामान्यतः दम संपत आला की सूर आधी पातळ होतो, मग किंचित उतरतो, मग तुटतो, आणि ऐकणाऱ्याला पुढचा श्वास आधीच कळतो. बाईंकडे दम संपायच्या आतच वाक्य संपलेलं असतं. थोडा दम शिल्लक ठेवून थांबायचं, ही शिस्त गळ्याची कमी आणि हिशेबाची जास्त.

आकाराबद्दल. या घराण्यात सरगम जवळजवळ नाही, आलापीचा आणि तानेचा सगळा भार ‘आ’वर. त्यामुळे तो ‘आ’ कसा लागतो याला फार महत्त्व. जबडा मोकळा, जीभ खाली सपाट, आवाज नाकात न जाता समोर. मंद्रापासून (खालच्या सप्तकापासून) तारापर्यंत जाडी एकच. ऐकायला सोपं, करायला कठीण, आणि बिघडतं ते ठरलेल्या जागी. खाली मंद्रात जाताना ‘आ’चा ‘ओ’ होतो, कारण घसा आवळून खर्ज काढायचा मोह होतो. वर तारात ‘आ’चा ‘ॲ’ होतो, कारण जबडा मिटत जातो. मधे पंचम-धैवताच्या आसपास बहुतेक गळ्यांत एक सांधा असतो, तिथे आवाजाची जात बदलते आणि तो सांधा ऐकू येतो. बाईंच्या मालकंसात (‘मैं सन मीत’) हा सांधा शोधून पाहावा. मालकंसात पाचच स्वर, सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. रागाची भानगड डोक्याला नसल्यामुळे कान आवाजावर ठेवता येतो. मध्यमावरून तारषड्जाकडे जाणारी एखादी फिरत पाच-सहा वेळा मागेपुढे करून ऐकली तरी जोड हाताला लागत नाही. एवढ्यासाठी मंद्रातला रियाज असतो. पहाटे षड्ज आणि त्याखालचे मंद्रातले स्वर, एकेक सूर पंधरा-वीस सेकंद, ‘आ’ न हलवता, आणि मगच हळूहळू वर. हा रियाज आधी वरून सुरू करणाऱ्यांचा आवाज लवकर चमकतो आणि लवकर बसतो.

तानेकडे वळू. चौपटीत, म्हणजे मात्रेला चार स्वर धरले तर एका आवर्तनात 64 स्वर, 12 सेकंदांत. आकडा मोठा नाही. याहून वेगवान ताना घेणारे पुष्कळ होऊन गेले. बाईंच्या तानेत अवघड आहे ती दाणे आणि घाट ही जोडी. दाणे म्हणजे प्रत्येक स्वराला गमकेचं (जोरकस हेलकाव्याचं) वजन, नुसता घसरता सूर नाही. घाट म्हणजे तान कुठून वळते ते आधी कळत नाही. सरळ चढ-उताराची तान चार-चारच्या गटांत पडते आणि ऐकणारा पुढचा स्वर ओळखतो. या तानेत तीन, पाच, सात अशा गटांनी वळणं येतात, मात्रेच्या काठावर जोर येत नाही, मधेच पडतो, आणि तरी शेवटी मुखडा बरोबर जागेवर. हिशेब करून घेतलेली तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) इथे सहसा नाही. तान मुखड्यात विरघळते. शिकाऊ गळ्यात ही तान दोन ठिकाणी बिघडते. एक, चार स्वरांतला पहिला मोठा आणि उरलेले तीन गिळलेले, त्यामुळे 64 ऐवजी 16 च स्वर ऐकू येतात. दोन, गमक घेताना प्रत्येक स्वर थोडा खाली ओढला जातो आणि वीस-तीस स्वरांनंतर तान अख्खीच उतरलेली असते. तपासायचा मार्ग एकच: तान अर्ध्या वेगाने म्हणून पाहायची. संथ लयीत जे स्वर नाहीत ते जलद लयीतही नसतात.

बाईंचे राग निवडतानाही थोडी काळजी घ्यावी. नटकामोद (‘नेवर बाजो रे’) हा जोडराग. नटाची रे-ग-म अशी पायरीपायरीची चढण आणि कामोदाची रे-प ही उडी. बाई या दोन्ही गोष्टी पाळीपाळीने ठेवत नाहीत, एकाच वाक्यात नटाने चढून कामोदाने उतरतात, म्हणून जोड दिसत नाही. बिहागड्यात बिहागाच्या अंगात कोमल निषाद कुठे डोकावतो एवढंच पकडायचं. ललतात (‘घटन लागी रैन’) पंचम नाही आणि दोन्ही मध्यम शेजारी. तिथे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) किती तुटक किंवा किती सलग घ्यायची हा प्रश्न असतो, आणि बाईंचं उत्तर सलग. गौडमल्हार, देसी, तोडी, सगळ्याच तबकड्या चांगल्या आहेत, पण पहिल्या आठवड्यात एवढे राग अंगावर घेतले तर काहीच उरत नाही. एकच बाजू दहा वेळा ऐकलेली बरी.

आता ज्या गोष्टीकडे फार थोडे लोक लक्ष देतात ती: तबकडीचा वेग. नेटवर बाईंची एकच बाजू तीन-चार ठिकाणी सापडते आणि प्रत्येक ठिकाणी षड्ज वेगळा. कारण 78 हा आकडा छापील. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि उतरवून घेणाऱ्याचं यंत्र यांचे वेग जुळतीलच असं नाही. 78 ऐवजी 80 ने फिरवली तर सूर सुमारे 44 सेंट चढतो (100 सेंट म्हणजे अर्धा स्वर), म्हणजे अर्ध्या स्वराचाही जवळपास अर्धा. साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की अख्खा अर्धा स्वर. चढलेल्या तबकडीत बाई तरुण, बारीक आणि चपळ वाटतात. उतरलेल्या तबकडीत जड आणि संथ. ‘बाईंचा आवाज पुरुषी होता’ आणि ‘बाईंचा आवाज टोकदार होता’ अशी दोन्ही मतं ठामपणे मांडणारे लोक भेटतात. त्यांनी वेगवेगळ्या वेगाने उतरवलेल्या फायली ऐकलेल्या असण्याची शक्यता बरीच.

तपासणी अशी करावी. दोन फायलींत पहिल्या शब्दापासून शेवटच्या सुरापर्यंतची वेळ मोजायची, आधी-नंतरची खरखर सोडून. एक 3 मिनिटं 10 सेकंद आणि दुसरी 3 मिनिटं 15 सेकंद आली तर 190 ला 195, म्हणजे अडीच टक्क्यांहून थोडा जास्त फरक. हा बरोबर 78 आणि 80 मधला फरक आहे. मग तानपुरा ॲप लावून दोन्हींचा षड्ज काढायचा. षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे येतो एवढ्यावरून फाईल चुकीची ठरत नाही. त्या काळी तानपुरा आजच्या प्रमाण सुराशी बांधलेला नसे. बाईंच्या बाकीच्या तबकड्यांचा षड्ज मात्र एकमेकांशी ताडून पाहता येतो, आणि एखादी फाईल त्यांच्यापासून अर्धा-पाऊण स्वर दूर असेल तर संशय घ्यावा. सुधारायची असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरावं, नुसतं ‘चेंज पिच’ नाही. पिच बदललं की सूर हलतो आणि लय तशीच राहते. तबकडीत दोन्ही एकत्र बिघडलेले असतात, म्हणून दोन्ही एकत्रच दुरुस्त व्हायला हवेत.

ज्यांच्याकडे मूळ तबकड्या आहेत आणि त्या उतरवून घ्यायच्या आहेत त्यांनी एलपीची (नंतरच्या काळातल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) सुई लावू नये. 78 ची खाच रुंद. तिला सुमारे 3 मिलची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट सुई लागते. एलपीची सुई एक मिल किंवा त्याहून बारीक. ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते, जिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि झीज आहे, आणि आवाजापेक्षा कचराच जास्त वाचते. दुसरं, आजच्या ॲम्प्लिफायरची फोनो जोडणी (तबकडी वाजवण्यासाठीची) एलपीच्या प्रमाण वळणावर, म्हणजे कुठले सूर किती उचलायचे-दाबायचे या ठरलेल्या मापावर, बेतलेली असते. ते प्रमाण 1954 च्या सुमाराचं. जुनी तबकडी त्यातून गेली की वरचे सूर दबतात आणि बाईंचा खुला आकार मफलर गुंडाळल्यासारखा येतो. वरची पट्टी (ट्रेबल) हाताने थोडी उघडावी लागते. तिसरं, तबकडी मोनो आहे. उतरवताना डावा-उजवा दोन्ही घेऊन नंतर एकत्र करावेत, खरखर बरीच उतरते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. साधं शुद्ध पाणी, मऊ फडकं आणि लेबल कोरडं ठेवणं, एवढं पुरे.

खरखर काढणाऱ्या फिल्टरबद्दल माझं मत कडक आहे: हात आखडता घ्यावा. टचटच आवाज काढावेत, तेवढं ठीक. सतत चालणारी सरसर पूर्ण पुसायला गेलं की तिच्याबरोबर सुराची शेपटी जाते, सारंगीचा माग जातो, आणि बाई जिथे सूर न बारीक करता थांबतात तो काठच बोथट होतो. वर जो दमाचा मुद्दा लिहिला तो अशा ‘स्वच्छ’ फाईलमध्ये ऐकूच येणार नाही. थोडी सरसर असलेली फाईल निवडावी.

बाईंनी रेडिओ टाळला, मायक्रोफोनशी त्यांचं कधी जमलं नाही, आणि आपलं गाणं कुणी टिपून घेऊन जाईल या धास्तीने ध्वनिमुद्रणालाही पुढे नकार दिला, असं सांगतात. मानसन्मान आले: 1948 मध्ये कोलकात्यात ‘सूरश्री’, 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण. 1963-64 च्या सुमारास जाहीर मैफिली थांबवल्या. आवाज पडला तरी गात राहणाऱ्यांच्या त्या काळात हा निर्णय सोपा नव्हता. शिष्य म्हणाल तर धोंडूताई कुलकर्णी. त्या आधी भुर्जीखाँकडे शिकलेल्या, 1962 च्या सुमारास बाईंकडे आल्या आणि पुढे जवळपास दशकभर शिकल्या. गोव्यात कला अकादमी बाईंच्या नावाने संगीत समारोह भरवते, त्यामुळे नाव टिकून आहे. गायकीसाठी मात्र धोंडूताईंची ध्वनिमुद्रणं जास्त उपयोगाची. बाईंच्या तबकडीत जे एका आवर्तनात उरकलं आहे तेच त्यांच्याकडे सविस्तर, संथ, एकेक जागा दाखवत येतं. आवाजाची तुलना करू नये, ती अन्यायाची होईल. वाक्य कसं बांधलं आहे ते पाहावं. तबकडी, मग धोंडूताई, मग पुन्हा तबकडी, असं केलं की पंधरा आवर्तनांत काय काय दडपून भरलं आहे ते दिसायला लागतं.

बाईंची नक्कल करणारे कुठे फसतात हेही लिहून टाकतो. आवाज मोठा करणं ही पहिली चूक. तबकडीतला आवाज मोठा वाटतो कारण तो सगळीकडे सारखा आहे. जोर लावून तो सारखेपणा येत नाही, उलट वर गेल्यावर आवाज फाटतो. दुसरी चूक अनवट रागांचा हव्यास. यमन-भूपात आवर्तन भरता येत नसताना नटकामोद घेतला की ऐकणाऱ्याला रागच कळत नाही आणि गाणाऱ्याची लपायची सोय होते. तिसरी, चढलेल्या फाईलवरून शिकून आपल्या गळ्याला न पेलणारी पट्टी धरणं.

तबकड्या पचल्यावर खाजगी मैफिलींतली जी थोडी लांब ध्वनिमुद्रणं फिरतात तिकडे जावं. त्यांत ललतागौरी जरूर ऐकावी. ही मुद्रणं टेपवरची आहेत, त्यामुळे त्रास वेगळे. टेप ताणली गेलेली असेल तर षड्ज सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा येतो. तानपुरा ॲप चालू ठेवलं की दहा मिनिटांत कळतं. बऱ्याच टेपांत सुरुवात कापलेली असते, गाणं अस्ताईच्या मधूनच सुरू होतं, म्हणून चिजेचे शब्द आधी दुसरीकडून मिळवून ठेवावेत. इथे लय संथ आहे, तेव्हा एका आवर्तनात दोन श्वास धरून ऐकावं: पहिल्या श्वासात बाई रागाची एक जागा मांडतात, दुसऱ्यात तीच जागा मुखड्याकडे वळवतात. पहिली वीस मिनिटं नुसतं एवढंच मोजलं तरी चालेल. ताना त्यानंतर येतात.